पुढारी पुराच्या गावात आले, पण खालच्या वस्तीत आले का?



पाऊस लागला की नदीकाठच्या आपल्या वस्त्यांत बायामाणसांना रात्री झोप लागत नाही. धाकटे पोर मांडीवर आणि रेशनकार्ड पदराखाली घेऊन आई जागत बसते. पाणी येते, घरातून फिरते आणि निघून जाते. मागे गाळ राहतो. तो गाळ वाळायच्या आत गावात आणखी एक लोंढा येतो. तो असतो पुढाऱ्यांच्या गाड्यांचा.

या गाड्या याव्यात की येऊ नयेत, यावर दर पुरानंतर वर्तमानपत्रांत वाद होतो आणि आपल्या घराघरांतही होतो. कोणी म्हणते, "कशाला येतात हे? फोटो काढायलाच ना?" त्यावर दुसरे कोणी म्हणते, "ते येत नाहीत तेव्हा तर आपल्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही." दोघांचाही अनुभव खरा आहे. म्हणून या विषयावर एकदा नीट बोलावे असे आम्हाला वाटले.

जुलै २०२१ ची गोष्ट घ्या. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, सावित्रीचे पाणी महाडात शिरले, आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे २४ तारखेला तळियेला आणि २५ तारखेला चिपळूणला गेले. केंद्रीय मंत्री गेले, विरोधी पक्षनेते गेले, राज्यपालही गेले. चिपळूणला एका भगिनीने रडत रडत मुख्यमंत्र्यांपुढे गाऱ्हाणे मांडले. तेव्हा सोबतच्या आमदारांनी तिला ज्या भाषेत उत्तर दिले, त्यावर राज्यभर टीका झाली. ३० जुलैला कोल्हापुरात शाहूपुरीच्या एकाच रस्त्यावर मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेते समोरासमोर आले. वृत्तवाहिन्यांना दिवसभराचा विषय मिळाला.

या दौऱ्यांच्या गर्दीतच शरद पवारांनी पत्रकार परिषदेत एक आवाहन केले. मुख्यमंत्री, पालकमंत्री यांच्यासारख्या जबाबदार माणसांनी जावे, बाकीच्यांनी दौरे टाळावेत, कारण प्रत्येक दौऱ्यामागे स्थानिक यंत्रणा अडकून पडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी किल्लारीचा दाखला दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते मुख्यमंत्री होते. पंतप्रधान नरसिंह राव येणार होते. पवारांनी त्यांना दहा दिवस थांबण्याची विनंती केली आणि रावांनी ती मानली. विरोधी पक्षाचे म्हणणे उलट होते. दौरे झाले की यंत्रणा हलते आणि लोकांना धीर येतो, असे ते म्हणाले.

असेच २०१३ मध्ये उत्तराखंडात झाले होते. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी बड्या मंडळींना तिथे उतरू देणार नाही असे सांगितले. गुजरातचे मुख्यमंत्री हवाई पाहणी करून परतले. पुढे काही दिवसांत राहुल गांधी तिथे गेले, आणि नियम कोणासाठी आहे व कोणासाठी नाही यावरच भांडण जुंपले. डोंगरात अडकलेली माणसे त्या भांडणात मागे पडली.

हा झाला वरच्या लोकांचा वाद. आता खालून काय दिसते ते सांगतो.

कोकणातल्या एका नदीकाठच्या गावातील मावशींनी आम्हाला सांगितलेली ही हकीकत आहे. पाणी उतरून चौथा दिवस होता. सकाळीच निरोप आला की साहेब येणार आहेत, अर्ज घेणार आहेत, सगळ्यांनी मोठ्या रस्त्यावर यावे. बौद्धवाडीतली सत्तर-ऐंशी माणसे हातातले फावडे-घमेले टाकून रस्त्यावर गेली. बाया पोरांना घेऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेला चुन्याची फक्की मारलेली होती. तसली फक्की वाडीत कोणी मारली नव्हती. दहाचे बारा झाले, बाराचे दोन झाले. मग गाड्या आल्या, बाजारात थांबल्या, तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलणे झाले, कॅमेरे फिरले आणि गाड्या वळल्या. वाडीची पाटी बाजारापासून दोन फर्लांगांवर होती.

एवढ्यावर भागले असते तर मावशींनी ते सोडून दिले असते. उन्हे लागली होती. ओला गाळ फावड्याने निघतो, वाळला की कुदळ लागते, हे पूर पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. अर्धा दिवस गेला तो गेलाच. त्या दिवशी वाडीत पंचनाम्याला येणारे पथकही दौऱ्याच्या कामाला लावले होते. ते पाच दिवसांनी आले. तोवर बायांनी घरे धुऊन काढली होती, कुजलेले तांदूळ टाकून दिले होते, भिजलेल्या गोधड्या फेकल्या होते त्या वासाने घरात थांबवत नव्हते म्हणून. आलेल्या माणसाने सारवलेल्या जमिनीकडे पाहिले आणि म्हटले, "इथे तर नुकसान दिसत नाही." मावशी आम्हाला म्हणाल्या, "घर घाण ठेवलं असतं तर पैसे मिळाले असते. आम्ही स्वच्छ केलं हाच आमचा गुन्हा."

हे ऐकून आम्हाला पहिल्यांदा वाटले की दौरे बंदच व्हावेत. पण मावशींनीच पुढे दुसरी गोष्ट सांगितली. आठ-दहा दिवसांनी एक लोकप्रतिनिधी दोनच माणसे घेऊन चालत वाडीत आले. चिखलात चप्पल रुतली म्हणून ती हातात घेतली. एका घरात गेले, भिंतीवरची पाण्याची ओल हाताने चाचपली, विहिरीत डोकावले आणि तिथूनच फोन लावला. संध्याकाळी पाण्याचा टँकर आला. दुसऱ्या दिवशी विहिरीचा उपसा सुरू झाला. आठ दिवस अर्ज लिहून जे झाले नव्हते ते एका चकरेने झाले. सगळीकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही, अशा अवस्थेत त्या टँकरचे मोल काय होते ते त्या वाडीलाच ठाऊक.

म्हणजे एकाच वाडीने दोन दौरे पाहिले. एकाने पंचनामा हुकवला, दुसऱ्याने पाणी आणले. तेव्हा यावे की येऊ नये हा प्रश्नच अर्धवट आहे. केव्हा यावे, कुठवर यावे आणि गेल्यावर काय करावे, हे विचारले पाहिजे.

तथागतांच्या जीवनातील एक प्रसंग विनयपिटकात आहे. बाबासाहेबांनीही तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदाला घेऊन भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असताना तिथे पोहोचले. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे त्यांनी विचारले. मी कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी माझ्याकडे पाहत नाही, असे तो म्हणाला. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग तथागतांनी सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून जाब विचारला, आणि आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची याचा नियम घालून दिला.

या प्रसंगाचा क्रम पाहा. आधी स्वतः जाऊन पाहिले, मग हात लावला, मग जाब विचारला आणि शेवटी नियम केला. आजचे दौरे पहिल्या पायरीवरच संपतात. पुष्कळदा तीही हेलिकॉप्टरच्या खिडकीतून होते. वरून नदी दिसते, घरातली ओली कणगी दिसत नाही.

आणि पाहिले नाही की नियम कसे होतात त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात असताना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ देण्याचा शासन निर्णय निघाला. त्यात अट होती की भाग दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असला पाहिजे. ज्याने एकदा पूर आलेले घर पाहिले आहे, त्याच्या हातून असे वाक्य लिहिले जाईल काय? पीठ भिजायला एक रात्र पुरते. चुलीत पाणी जायला एक तास पुरतो. या अटीवर लोक संतापले ते उगीच नव्हे. त्याच दिवसांत एका मंत्र्यांची बोटीतली हसरी चित्रफीत फिरत होती, आणि त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे बोट उलटून डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी लोकांना पाहुण्यांची नाही, बोटींची गरज होती.

२०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ११ हजार ५०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त १० हजार रुपये होते. रकमेबद्दल आमचे भांडण नाही. पण टपरीवाल्याला अट होती ती मतदार यादीत नाव, रेशनकार्ड आणि अधिकृत परवाना असण्याची. आता सांगा, आपल्या वस्तीतल्या किती चप्पल शिवणाऱ्यांकडे, भाजीच्या हातगाडीवाल्यांकडे, अंडी-भुर्जीच्या गाड्यावाल्यांकडे परवाना असतो? पाण्याने परवाना विचारून टपरी नेली नाही. बाजारात उभे राहिलेल्या पुढाऱ्याला दुकानदार भेटतो, म्हणून दुकानदाराचे दुःख कागदावर चढते. हातगाडीवाल्यापर्यंत तो गेलाच नाही, तर त्याची अडचण त्याला कळणार कुठून?

खालच्या वस्तीकडे पाठ फिरवणे हे केवळ घाईमुळे होते असेही आम्ही मानत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिनमच्या बाजूला दलित कुटुंबांना मदतवाटपात आणि छावण्यांत मागे ठेवले गेल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. समुद्राने जात पाहिली नाही, पण मदत वाटणाऱ्या हातांनी पाहिली. आपल्या कित्येक गावांत वस्ती सखल जागी, ओढ्याच्या अंगाला का आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावाने उंचवटा आपल्याकडे ठेवला आणि उतार आपल्याला दिला. म्हणून पाणी आपल्याकडे आधी येते आणि मदत शेवटी येते.

बाबासाहेबांनी पुराकडे कसे पाहिले? १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि रस्ते तुटले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज हे विषय त्यांच्याकडे होते. पुराचे दुःख सांगणारे भाषण करून ते थांबले नाहीत. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला परिषद घेतली, संबंधित प्रांतांना एका टेबलाशी बसवले, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करणारी योजना पुढे नेली. त्यातूनच १९४८ मध्ये कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. त्याच १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला ओरिसातील पुरांबाबत परिषद झाली. पाणी जास्त झाले म्हणून त्याला शत्रू मानू नका, ते साठवा आणि कामाला लावा, असा विचार त्यांनी तिथे मांडला. पूर ओसरला तरी त्यांचे काम ओसरले नाही, हे आजच्या पुढाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आज नदीकाठी पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. त्या रेषेच्या आत बडे इमले कसे उठतात आणि गरिबाचे पत्र्याचे घर मात्र अतिक्रमण कसे ठरते, हे कोणता पुढारी पूर ओसरल्यावर विचारतो? २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली गेली, २०२० मध्ये तिचा अहवालही आला. तरी पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, कोल्हापूर-सांगलीत पुन्हा पाणी होते.

म्हणून पुढाऱ्यांकडे आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, पाणी घरात असेपर्यंत आणि माणसे शोधणे चालू असेपर्यंत ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे त्यानेच यावे, तेही मोजक्या गाड्यांतून. बाकीच्यांनी घरी बसून बोटी, औषधे, ताडपत्र्या पाठवाव्यात. दुसरी, गावात आल्यावर आधी सर्वांत खालच्या वस्तीत जावे, बाजारात नंतर. तिसरी, आपल्यासाठी तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला थांबवू नये. जिथे पंचनामा चालू असेल तिथे स्वतः जावे आणि कोणाचे नाव राहिले ते विचारावे. चौथी, मदतीच्या पिशवीवर आपला फोटो नको. २०१९ ला ते झाले, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याच्या पुरातही फोटोंच्या पिशव्यांवरून वाद झाला. भुकेल्या माणसाच्या हातात आपली जाहिरात देणे ही मदत नव्हे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, तीन महिन्यांनी पुन्हा यावे. तेव्हा कॅमेरे नसतील. पैसे किती घरांना मिळाले आणि किती राहिले, हे त्याच वस्तीत बसून वाचून दाखवावे.

हे आम्ही परक्या पुढाऱ्यांनाच सांगत नाही. आपल्या चळवळीतले गटही पुरात वेगवेगळे बॅनर घेऊन वेगवेगळ्या दिवशी येतात. एका घरी तीन गटांची तीन ब्लँकेटे पोहोचतात आणि शेजारच्या घरी एकही पोहोचत नाही. निदान चिखलात तरी सर्वांनी एक यादी करून काम केले, तर समाज आशीर्वाद देईल.

आता घरातल्या माणसांना थोडे सांगतो, कारण पुढारी कसा वागेल हे आपल्या हातात नाही, पण आपली तयारी आपल्या हातात आहे. पावसाळ्याआधी रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, पोरांचे शाळेचे दाखले, बँकेचे पुस्तक आणि घरपट्टीची पावती एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वर, हाताशी ठेवा. भाड्याने राहत असाल तर भाड्याची पावती किंवा वीजबिल त्यातच ठेवा, नाहीतर मदत घरमालकाच्या नावावर जाईल. पाणी उतरले की झाडू हातात घेण्याआधी पोराला मोबाइल द्या आणि प्रत्येक खोलीचा, धान्याचा, कपड्यांचा, भांड्यांचा फोटो काढून ठेवा. भिंतीवर पाणी कुठवर आले तिथे विटेच्या तुकड्याने रेघ मारा आणि तारीख लिहा. मग खुशाल घर धुवा. रोगराईपेक्षा पंचनामा मोठा नाही.

बुद्धविहारात महिला मंडळाने एक वही करावी. घर, माणसे, काय गेले, पंचनामा झाला की नाही, सही कोणाची, एवढे लिहावे. साहेब आले तर रांगेत उभे राहण्यासाठी सगळी वाडी जाऊ नये. वही घेऊन दोघी बहिणी जाव्यात, बाकीच्यांनी गाळ काढावा. मदतीची यादी लागली आणि नावे राहिली, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, फी दहा रुपये आहे, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या दहा रुपयांच्या अर्जाने यादीत कोण आहे आणि कोण नाही ते उघड होते.

त्या मावशींना आम्ही निघताना विचारले, "पुढच्या वेळी साहेब आले तर काय कराल?" त्या म्हणाल्या, "फोटोला उभी राहणार नाही. वही दाखवीन आणि म्हणेन, आधी हे वाचा." वहीचे पहिले पान त्यांच्या नातीने आखून ठेवले आहे. सातवीत आहे ती.

आपल्याही वस्तीत अशी वही या पावसाळ्याआधी तयार व्हावी.

जय भीम! नमो बुद्धाय!